पियानो घरी सुरात लावायचा तर सॉफ्टवेअर नेमकं काय करतं

पियानो घरी ट्यून करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा फोनमधलं गिटारचं ट्यूनर ॲप उघडतात, मीही तेच केलं होतं. एकेक पट्टी वाजवायची, काटा मधोमध आला आणि दिवा हिरवा झाला की पुढची, असं करत खालपासून वरपर्यंत जायचं. दोन दिवस खपून सगळे दिवे हिरवे केले आणि वाजवायला बसलो तर खालचा सा आणि वरचा सा एकमेकांना ओळखतच नव्हते, खर्जातले सूर चढल्यासारखे, टिपेचे उतरल्यासारखे, आणि मधल्या काही पट्ट्या तर नुसत्या वाँव वाँव करत होत्या. म्हणजे ॲपच्या हिशोबाने सगळं बरोबर आणि कानाच्या हिशोबाने बरंच काही चुकलेलं.

यात ॲप खोटं बोलत नव्हतं. त्याला पियानो माहीतच नसतो, एवढंच. पियानोसाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात आणि ती वेगळी का लागतात हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम सोपं होतं, म्हणून आधी ते सांगतो आणि मग हाताचं काम.

आमच्याकडे जुना अपराइट आहे, म्हणजे भिंतीला लावून ठेवायचा उभा पियानो. कोल्हापुरात ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावून देणारा माणूस, जवळपास मिळत नाही, बाहेरगावाहून बोलवावा लागतो, ते वर्षातून एकदा जमतं, आणि इथला पावसाळा झाला की सूर हलतोच हलतो. म्हणून शिकलो. पियानोचं वरचं झाकण उचललं आणि समोरची फळी काढली की आत काय पसारा आहे ते दिसतं. पट्ट्या ८८, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण अगदी खालच्या सुरांना एकेकच जाड, तांबं गुंडाळलेली तार असते, मग काही सुरांना दोन दोन आणि मधल्यापासून वरपर्यंत प्रत्येक सुराला तीन तीन तारा. त्या तिन्ही एकाच हातोडीच्या खाली येतात आणि तिन्ही तंतोतंत एका सुरात असल्या तरच ती पट्टी एक सूर वाटते. प्रत्येक तारेला आपली आपली खुंटी, म्हणजे पोलादाची पिन, आणि ती पिन लाकडाच्या थरांच्या कडक फळीत ठोकून बसवलेली. स्क्रू नाही, नट नाही, नुसत्या घर्षणावर ती तार धरून असते. सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सुरांचं गणित. मधल्या सप्तकातला ए, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा, हा ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना लावतात, १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे ठरलं. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता, त्यामुळे फार जुना पियानो असेल तर तो कदाचित ४४० साठी बनलेलाच नसेल. एका सप्तकाचे बारा सारखे भाग केले की एकेक स्वर मिळतो, आणि त्या एकेका भागाचे परत शंभर बारीक भाग केले की त्याला सेंट म्हणतात, ही पद्धत अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज विद्वानाने १८८० च्या दशकात रुजवली. म्हणजे सप्तक १२०० सेंटचं. मधल्या ए जवळ एक सेंट म्हणजे साधारण पाव हर्ट्झ, इतकं बारीक.

पण बारा सारखे भाग हे निसर्गाने दिलेलं नाही, ती तडजोड आहे. तंबोरा छान लागला की त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो ना, तो स्वयंभू गंधार, तो सा पासून ३८६ सेंटवर असतो. पियानोचा गंधार ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा! आणि हे प्रत्येक पियानोत, प्रत्येक पेटीत असतंच. आपल्याकडे १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही हा आक्षेप होता आणि तिचे हे ठोकळ स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत हाही होता. मग गंधार खरा का लावत नाहीत? कारण एका सा चा गंधार खरा केला की दुसरा सा धरून वाजवताना तोच सूर वेडावाकडा लागतो. पंचमाचंही तेच, शुद्ध पंचमाने बारा वेळा वर चढत गेलात तर सात सप्तकं पार करून तुम्ही मूळ सा वर पोचायला हवं, पण पोचता त्याच्या २३-२४ सेंट पुढे. हा उरलेला तुकडा कुठेतरी जिरवायलाच लागतो, म्हणून प्रत्येक पंचमातून दोन दोन सेंट काढून घेतात, पंचमाला ते कळत पण नाही, आणि सगळी झळ गंधाराला बसते.

जुने ट्यूनर हे सगळं कानाने करायचे आणि आजही चांगले ट्यूनर करतात. कसं करतात ते ऐकण्यासारखं आहे. दोन सूर जवळ जवळ आले पण एक झाले नाहीत की आवाज लाटेसारखा मोठा लहान मोठा लहान होतो, तेच ते वाँव वाँव, त्याला बीट्स म्हणतात. ४४० आणि ४४१ एकत्र वाजले तर सेकंदाला एक लाट. मधल्या सप्तकाच्या खालची पांढरी चार आणि पांढरी सहा (चारला सा धरलं की सहा हा तिचा गंधार) एकत्र वाजवली तर बरोबर लागलेल्या पियानोत सेकंदाला साधारण सात लाटा यायला पाहिजेत, ट्यूनर त्या लाटा मोजून तो चढा गंधार ठरवतो. म्हणजे बेसूरपणा किती ठेवायचा हे मोजून ठेवतात! मला हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास फक्त त्या दोन पट्ट्या दाबत बसलो होतो.

आता मूळ मुद्दा, गिटारचं ॲप का फसलं. कुठलीही तार वाजली की एकटा सूर येत नाही, बरोबर सहायक नाद येतात, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं आणि बारीक लवचीक तारेच्या बाबतीत ते जवळपास खरंही आहे. पण पियानोची तार पोलादाची, जाड आणि ताठ, ती थोडीशी सळईसारखी वागते. सळई वाकवली की स्वतःहून सरळ व्हायला बघते, तशी ही तार जितक्या बारीक तुकड्यांत कंप पावते तितका तिचा ताठपणा आडवा येतो आणि ते वरचे नाद हिशोबापेक्षा चढे निघतात. म्हणजे २२० ला लावलेल्या तारेचा दुसरा नाद ४४० न येता ४४०.२ असं काहीतरी येतो, आणि वरचे नाद त्याहून जास्त जास्त चढत जातात. पेटीत हा प्रश्नच नाही, पत्ती हवेचा झोत ठरल्या वेळेने कापत राहते त्यामुळे तिचे नाद अगदी पटीत पडतात.

मग झालं काय, की वरचा ए तुम्ही ॲपप्रमाणे बरोबर ४४० ला लावला तर तो खालच्या ए च्या ४४०.२ शी भांडतो. कानाला गोड लागायचं असेल तर वरचा किंचित चढा पाहिजे. त्याच्या वरचा अजून किंचित, आणि खाली जाताना उलट, किंचित उतरता. असं करत करत अगदी टोकाच्या सुरांना वीस, तीस सेंट सुद्धा फरक पडतो. १९३८ मध्ये ओ. एल. रेल्सबॅक या अमेरिकन अभ्यासकाने चांगले लावलेले पियानो मोजले तर सगळ्या ट्यूनरांनी कानाने हाच फरक ठेवलेला निघाला, आलेख काढला तर मध्ये जवळपास सपाट, डावीकडे खाली आणि उजवीकडे वर गेलेली वाकडी रेघ. तिला आजही रेल्सबॅकची रेघ म्हणतात, आणि पियानोवाले या प्रकाराला स्ट्रेच म्हणतात.

आणि ही रेघ प्रत्येक पियानोची वेगळी असते, इथेच सॉफ्टवेअरचं खरं काम आहे. मोठ्या ग्रँड पियानोत खालच्या तारा लांब असतात म्हणून त्यांचे नाद फारसे बिघडत नाहीत, बुटक्या अपराइटमध्ये तारा आखूड आणि जाड, त्यात ताठपणा जास्त. शेजारच्या घरातल्या पियानोचे आकडे तुमच्या पियानोला लावून उपयोग नाही. म्हणून पियानोचं सॉफ्टवेअर आधी ऐकतं, मग सांगतं. ट्यूनलॅब, व्हेरिट्यूनर, सायबरट्यूनर, पियानोमीटर अशी बरीच आहेत, त्यातली काही व्यावसायिक ट्यूनरच वापरतात आणि महाग आहेत. कुणी मोजके सूर ऐकून बाकीच्यांचा अंदाज बांधतं, कुणी ट्यून करता करता शिकत जातं. मी सुरुवात केली ती एंट्रॉपी पियानो ट्यूनरने, ते फुकट आहे, जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हाये हिनरिकसेन यांच्या कल्पनेवर बनलेलं. त्यात आधी ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून ऐकवाव्या लागतात. मग ते सगळ्या पट्ट्यांचे सगळे नाद एकाच कागदावर काढल्यासारखे मांडतं, आणि एखादी पट्टी अंदाजाने किंचित वर, किंचित खाली सरकवून बघतं की आता कागदावर पसारा कमी झाला का. दोन पट्ट्यांचे नाद एकावर एक पडले की पसारा कमी, शेजारी शेजारी घासत राहिले की पसारा जास्त. हा पसारा मोजायचं माप म्हणजे एंट्रॉपी. असे कितीतरी हजार बदल करून बघितल्यावर आकडे स्थिर होतात आणि ती वाकडी रेघ पडद्यावर आपोआप उमटते, कोणी तिला सांगितलेलं नसताना. फार सुंदर वाटतं ते बघायला.

खालच्या सुरांबद्दल एक सांगायला हवं. सगळ्यात खालचा ए २७.५ हर्ट्झचा, पण छोट्या पियानोतून तो मूळ सूर जवळपास बाहेरच पडत नाही आणि फोनच्या माइकला तर अजिबात कळत नाही, आपला कान वरच्या नादांवरून तो सूर ओळखतो. सॉफ्टवेअरही तेच करतं, सहावा किंवा त्याच्या आसपासचा नाद ऐकून हिशोब मांडतं. म्हणून खर्जात पडदा थोडा गोंधळला, काटा उड्या मारायला लागला तर घाबरू नका, पट्टी जोरात दाबून धरून ठेवा आणि आवाज जरा स्थिरावू द्या.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. हे मी जरा ठासून सांगतो कारण फिरत्या पात्यांवर आपटून आवाज खरंच डोलतो आणि ऐकणाऱ्याला नसलेल्या बीट्स ऐकू येतात. फ्रिज, कुकर, खिडकीबाहेरची रिक्षा, सगळं शांत असेल अशी वेळ काढा, आमच्याकडे ती पहाटेची निघाली.

सामान फार लागत नाही पण जे लागतं ते खरंच तेच लागतं. एक ट्यूनिंग लिव्हर, त्याला काहीजण हॅमर म्हणतात, त्याचं तोंड पिनच्या चौकोनी डोक्यावर घट्ट बसणारं हवं, बहुतेक पियानोंना दोन नंबरचं तोंड चालतं. गाडीचा पाना, पकड असलं काहीही पिनला लावू नका, कोपरे झिजले की ती पिन कायमची गेली. बाकी रबराच्या पाचरी, नमद्याची एक लांब पट्टी, आणि अपराइट असेल तर चिमट्यासारखं एक म्यूट जे हातोड्यांच्या मधून आत जातं. हे कशाला, तर तीन तारांमधल्या दोन गप्प करायला. तिन्ही मोकळ्या ठेवून सॉफ्टवेअरला ऐकवलं तर ते तिघींच्या गोंगाटातून भलताच आकडा काढणार.

आता मनगट. सॉफ्टवेअर दाखवतं की तार तीन सेंट उतरलेली आहे, तुम्ही लिव्हर लावता, दांडा शक्यतो सरळ वर किंवा किंचित उजवीकडे, आणि घड्याळाच्या दिशेने ओढता. काटा लगेच वर जातो. पण पिन फिरलेलीच नसते! ती फक्त पिळली गेलेली असते, वरचं डोकं वळलं, लाकडातलं बूड जिथल्या तिथे. हात सोडला की ती परत उलगडते आणि सूर परत खाली. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी हेच करत होतो, काटा हिरवा करायचा, पुढे जायचं, आणि संध्याकाळी सगळं उतरलेलं. पिन बुडापासून फिरली की हाताला कळतं, अगदी बारीक टक् असं काहीतरी लाकडातून दांड्यात येतं, आवाजापेक्षा स्पर्शच म्हणायचा. ते आलं पाहिजे. शिवाय पिनपासून वाजणाऱ्या तारेपर्यंत मध्ये लोखंडी दाबपट्टी असते, तार तिच्याखाली घासून अडकते, त्यामुळे पिनजवळच्या तुकड्यात ताण जास्त आणि पुढे कमी असं होऊन बसतं आणि दोन दिवसांनी ते आपसात वाटून घेतात, सूर हलतो. त्यावर उपाय असा की सूर पाहिजे त्याच्या किंचित वर न्यायचा, मग लिव्हरवर नुसता भार देत, जवळजवळ न फिरवता, खाली आणून बसवायचा, आणि मध्ये मध्ये पट्टी जोरात तीनचार वेळा ठोकायची. जोराने ठोकल्यावर सुद्धा काटा हलला नाही तर ती तार बसली. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करू शकत नाही आणि खरं सांगायचं तर ट्यूनरच्या पैशातला मोठा भाग या बसवण्याचाच असतो.

जुन्या गंजलेल्या तारा असतील तर वर ओढायच्या आधी अगदी थोडी खाली सोडा, गंजाची पकड सुटते. आणि प्रत्येक वेळी बघा की लिव्हर बरोबर पिनवर आहे का. माझ्याकडून एकदा शेजारच्या पिनवर बसली, मी ओढतोय आणि पडद्यावर काटा हलतच नाही, म्हणून अजून ओढलं, अजून ओढलं, आणि ती गप्प केलेली शेजारची तार बंदुकीसारखा आवाज करून तुटली. चेहरा जवळ नव्हता म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम असा की लिव्हर किंचित हलवल्यावर सूर हलला नाही तर हात थांबवायचा आणि पिनपासून तार डोळ्याने शोधत खाली जायचं.

पियानो बराच उतरलेला असेल, समजा तीसचाळीस सेंट, तर एका फेरीत होत नाही. ते पंधरा-वीस टन आठवा. तुम्ही वरच्या तारा ओढत जाता तसा घोडीवरचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवरचा, आणि साउंडबोर्डवरचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या मागच्या लाकडी फळीवरचा, दाब वाढतो, लाकूड दबतं, आणि आधी लावलेल्या तारा सैल पडतात. म्हणून पहिल्या फेरीत मुद्दाम थोडं जास्त चढवतात, उतरलेलं जितकं असेल त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये याची वेगळी सोय असते, ते स्वतः हिशोब करून लक्ष्य पुढे सरकवतं. मग दुसरी फेरी बारकाईने. तारा फारच जुन्या असतील तर ४४० चा हट्ट सोडून थोडा खालचा ए ठरवा, सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा बदलता येतो, एकटं वाजवणाऱ्याला काही अडत नाही.

मी मधली तार पडद्यावर बघून लावतो आणि बाजूच्या दोन कानाने. त्याला कारण आहे. तीन तारा एकाच घोडीवर टेकलेल्या असतात, घोडीतून एकमेकींना हलवत असतात, त्यामुळे तिघी मिळून वाजताना तशाच वाजत नाहीत जशा एकेकट्या वाजतात. मिशिगन विद्यापीठातले गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ मध्ये हे सविस्तर मांडलं, की तारांमधल्या अगदी किंचित फरकावर सूर किती वेळ टिकतो, मागे कसा रेंगाळतो हे ठरतं. म्हणून तिघींना वेगवेगळं शून्यावर आणलं तरी एकत्र गोड लागतीलच असं नाही. मधली लागली की डाव्या तारेची पाचर काढा आणि दोन्ही वाजवा. आधी वाँववाँववाँव, लिव्हरवर भार द्या, वाँव... वाँव..., अजून, आता लाट इतकी लांब होते की एका श्वासात एकच. मधल्या ए पाशी चार सेकंदाला एक लाट म्हणजे अजून एक सेंटचा फरक आहे. अजून तसूभर, आणि अचानक आवाज सरळ होतो, दोन तारा आहेत हेच कळत नाही, सूर पुढे येऊन उभा राहतो. तंबोऱ्याची जोड लागते तेव्हा जे होतं तेच. ज्याने एकदा तंबोरा लावलाय त्याला हे शिकवायला लागत नाही, आणि आपल्याकडच्या गाणाऱ्या माणसांनी पियानो ट्यूनिंगला घाबरू नये असं मला मनापासून वाटतं ते यामुळेच, अवघड भाग त्यांच्या कानात आधीच आहे.

राहिला पाऊस. साउंडबोर्ड स्प्रूसच्या लाकडाचा, दमट हवेत तो फुगतो, त्याचा फुगवटा वाढला की घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट. यात मधली सप्तकं सगळ्यात जास्त हलतात आणि खर्ज त्या मानाने कमी, त्यामुळे पियानो एकसारखा चढत नाही, वाकडा होतो. म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडला की लगेच लिव्हर घेऊन बसायचं नाही, लाकडाला दोनतीन आठवडे नव्या हवेत मुरू द्यायचं. मी दिवाळीनंतर हवा बसली की एक पूर्ण फेरी करतो आणि पावसाळ्यात फक्त जास्त बिघडलेल्या तारा. पहिल्या वर्षी पूर्ण फेरीला तीन दिवस लागले, आता साधारण चार तास, ट्यूनर दीड तासात उठतो. पियानो हीटरजवळ, बाहेरच्या ओल्या भिंतीला आणि थेट उन्हात नको, हे तर झालंच.

फेरी झाली की आठ दिवसांनी परत बसायचं, वही घेऊन, ८८ पट्ट्या सावकाश वाजवायच्या आणि जिथे लाट ऐकू आली तिथे खूण करायची. या वर्षी माझ्या वहीत अकरा खुणा निघाल्या, त्यातल्या नऊ बाजूच्या तारांच्या, आणि बहुतेक त्या संध्याकाळच्या जेव्हा मी दमलो होतो आणि ती टक् जाणवण्याआधीच लिव्हर काढली होती.